वार होण्याआधी की झाल्यावर?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात डोकावले, तर देव्हारा रिकामा आणि देव परातीत असे दृश्य दिसते. चिंचेचा कोळ, राख, अलीकडे पितांबरी. घरातली थोरली सून एकेक टाक उचलते, अंगठ्याने घासते, पाण्यात खळबळते आणि पंच्यावर पालथा घालते. टाक म्हणजे चांदीचा उठावाचा पत्रा, दोन-तीन इंचांचा, बहुधा मागे तांब्याचा आधार दिलेला. एकावर भवानी, एकावर भैरोबा, एकावर घराण्यातला कुणी वीर आणि कितीतरी घरांत एकावर खंडोबा. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, हातात खड्ग, पायाशी कुत्रा. चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी देवाचे नाकडोळे केव्हाच पुसून टाकलेले असतात. घोड्याच्या पोटाची गोलाई तेवढी शाबूत राहते आणि तिच्याखाली एक उंचवटा. तो उंचवटा म्हणजे दैत्य.

दैत्य खाली आला आहे. लढाई आटोपली आहे. देव समोर पाहतो आहे, दैत्याकडे नाही.

आता दुसरी मूर्ती. हीदेखील धातूचीच, ब्राँझची, साधारण ४५ सेंटिमीटर उंच. आंत्वान-लुई बारी या फ्रेंच मूर्तिकाराने १८४३ मध्ये घडवलेली 'थीसियस आणि मिनोटॉर'. ग्रीक कथेतला राजपुत्र थीसियस भुलभुलैयात शिरतो आणि बैलाचे डोके असलेल्या नरभक्षक मिनोटॉरला मारतो. बारीने दोघांना एकमेकांत पिळून टाकले आहे. मिनोटॉरची बोटे राजपुत्राच्या अंगात रुतली आहेत, त्याचा पाय राजपुत्राच्या पायाभोवती आवळला आहे. थीसियस मात्र खांबासारखा ताठ. एका हाताने त्याने राक्षसाचे डोके मागे रेटले आहे आणि दुसऱ्या हातातली आखूड तलवार वर उचलली आहे. ती अजून खाली आलेली नाही. चेहऱ्यावर राग नाही, घाम नाही. जुन्या ग्रीक पुतळ्याचा थंड, रेखीव चेहरा. पाहणाऱ्याचा श्वास त्या तलवारीच्या टोकाशी अडकतो.

दोन्हीकडे कथा एकाच जातीची आहे. देवाने किंवा वीराने राक्षसाला मारले. पण एकाने वार होण्याआधीचा क्षण धरला, दुसऱ्याने वार झाल्यानंतरचा.

मूर्तिकाराची खरी अडचण इथेच असते. कीर्तनकार खंडोबाने केलेला मल्लासुराचा वध सांगायला उभा राहिला तर त्याच्या हातात दीड तास असतो. तो दैत्याला मोठा करतो, ऋषींना रडवतो, मध्येच एक अभंग घेतो, श्रोत्यांना ताटकळत ठेवतो आणि मग खड्ग चालवतो. मूर्ती घडवणाऱ्याला सगळ्या कथेतला एक क्षण मिळतो, तोही कायमचा. जर्मन लेखक लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात यावर एक सल्ला दिला: कलावंताने कथेचा कळस दाखवू नये, त्याच्या जरा अलीकडे थांबावे, म्हणजे पुढचे पाहणाऱ्याचे मन पुरे करते. हा सल्ला युरोपात फार गाजला. पण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मूर्तिकारांनी जे क्षण निवडले ते केवळ लेसिंगच्या सांगण्यावरून निवडले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. मूर्ती कुणाच्या घरी जाणार, कोण विकत घेणार, कुठे ठेवणार, यावर बरेच ठरत होते.

बारीचीच गोष्ट पाहावी. तो सोनाराचा मुलगा. लहानपणापासून धातूवर कोरीव काम केलेला. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात तासन् तास बसून वाघ-सिंहांची रेखाटने करणारा; कधी सोबतीला चित्रकार दलाक्रवा. त्याने एका राजपुत्राच्या भोजनाच्या मेजासाठी शिकारीचे ब्राँझ देखावे केले, तेव्हा १८३७ च्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले. आक्षेप काय, तर ही शिल्पकला नव्हे, ही सोनारकी. प्राणी हा विषय हलका, मेजावरची मूर्ती हा प्रकारही हलका. मोठा विषय म्हणजे मनुष्यदेह, तोही ग्रीक-रोमन पुराणातला. कलाशाळेतली स्पर्धा त्याच विषयांवर होई, जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला पाठवत, आणि रोमहून परतलेला मूर्तिकार पुन्हा तेच विषय घेऊन प्रदर्शनात उतरे. बारीला वाघ सोडवेना आणि पुराणाशिवाय प्रतिष्ठा मिळेना. त्याने शोधलेला मार्ग हुशारीचा होता. पुराणातली अशी पात्रे निवडायची की ज्यांच्या अंगात जनावर आहे. मिनोटॉर अर्धा बैल. पुढे त्याने थीसियसलाच सेंटॉरच्या, म्हणजे अर्ध्या घोड्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसवले आणि हातातली गदा उगारलेलीच ठेवली. त्याचा तिसरा नायक इटालियन महाकाव्यातला वीर. तो सुंदरीला घेऊन निघाला आहे पंख असलेल्या घोड्यावरून. परीक्षकांना पुराण मिळाले, बारीला जनावर मिळाले.

पैसा मात्र मिळाला नाही. १८४८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

पैसा मिळवला तो फेर्दिनाँ बारबेदिएनने. हा माणूस मूर्तिकार नव्हे. आधी भिंतीला लावायच्या रंगीत कागदाचा व्यापारी. अशिल कोला नावाच्या यंत्रकाराने १८३६ मध्ये एक यंत्र बनवले होते. त्याची एक सुई मोठ्या पुतळ्यावरून फिरे आणि तिच्याशी दांड्याने जोडलेली दुसरी सुई प्लॅस्टरच्या लहान ठोकळ्यात तोच आकार ठरलेल्या प्रमाणात कोरत जाई. दोघांनी १८३८ मध्ये भागीदारी केली आणि लूव्रमधली 'व्हीनस द मिलो' मध्यमवर्गीय दिवाणखान्यात येऊन बसली. निम्मी, पाव, त्याहून लहान. जशी ऐपत तशी देवी. कारखान्यात शेकडो कामगार होते आणि त्यांच्या कामाची वाटणी चोख होती. मूळ नमुन्याची एक खास ब्राँझ प्रत ठेवलेली असे, हातपाय सुटे करता येणारी. तो एकेक तुकडा बारीक वाळूत दाबून साचा घ्यायचा, धातू ओतायचा, तुकडे खुंट्यांनी जोडायचे, सांधे कानशीने घासायचे, मग छिन्नीवाल्याने केसांच्या बटा पुन्हा जिवंत करायच्या आणि शेवटी रसायने लावून, आच देऊन तपकिरी, काळा किंवा हिरवट रंग चढवायचा. मूर्तिकार यात कुठे? बहुतेक वेळा करारावरच्या सहीत. बारीच्या मृत्यूनंतर त्याचेही बरेचसे नमुने बारबेदिएननेच विकत घेतले. ज्या मूर्ती 'सोनारकी' म्हणून नाकारल्या गेल्या होत्या त्या आता सुखवस्तू घरांतली शोभा झाल्या.

या घरांना पुराण हवे होते, पण श्रद्धेसाठी नव्हे. ज्यूपिटरला कुणी नैवेद्य दाखवत नव्हते. शेकोटीवरच्या फळीवर घड्याळ असे, त्या घड्याळाला टेकून डायना किंवा सायकी. पुराणाचे नाव असले की उघड्या अंगाला हरकत नसे. तेच अंग नाव नसताना दिवाणखान्यात चालले नसते. फालगिएरने १८८२ च्या प्रदर्शनात 'डायना' मांडली तेव्हा टीका झाली ती याच कारणाने. ही देवी नाही, ही कपडे उतरवलेली पॅरिसची बाई आहे, असे लोक म्हणाले. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट फालगिएरकडून झाकायची तेवढी राहून गेली.

वार झाल्यानंतरचा क्षण फ्रेंचांना वर्ज्य होता असे मात्र नाही. १८७० च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा धुव्वा उडवला. त्या काळात खुद्द बारबेदिएनच्या भट्ट्यांत देवतांऐवजी तोफा ओतल्या गेल्या. युद्धानंतर लगेच, १८७२ मध्ये, रोममध्ये शिकत असलेल्या आंतोनँ मेर्सिएचा 'डेव्हिड' पॅरिसला आला. ही कथा ग्रीकांची नाही, बायबलमधली. पण घाट पुराणकथेचाच. राक्षसी गोलायथचे तुटलेले डोके डेव्हिडच्या पायाखाली आहे आणि तो पोरसवदा वीर तलवार शांतपणे म्यानात सरकवतो आहे. हरलेल्या देशाला तलवार उगारलेली पाहायची नव्हती. शत्रू पायाखाली पडलेला पाहायचा होता. त्या मूर्तीच्या लहानमोठ्या आवृत्त्या धडाक्याने खपल्या. खंडोबाच्या टाकाशी फ्रेंच ब्राँझ सर्वांत जवळ येते ते इथे. तिथेही दैत्य खाली आणि वीर निश्चिंत.

परभणीच्या माणसाला हे सगळे पाहायला पॅरिस गाठायची गरज नाही. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे जंक्शन १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते आणि दवाखाना, लग्नाची खरेदी, नोकरी, सगळ्याला हैदराबाद हेच मोठे शहर होते. त्या हैदराबादच्या सालारजंग घराण्याने युरोपातून शिल्पे आणली. तिसऱ्या सालारजंगाच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये त्यांच्याच दिवाण देवडीत संग्रहालय सुरू झाले. युरोपीय ब्राँझ मूर्ती त्या संग्रहालयात दालन भरून आहेत. गर्दी मात्र दोन दुसऱ्या मूर्तींपुढे असते. एक इटालियन बेंझोनीची संगमरवरी 'बुरख्यातली रेबेका'. दुसरी एकाच लाकडात कोरलेली एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच जोडमूर्ती: पुढून छाती काढून उभा असलेला सैतान मेफिस्टोफेलिस, आणि मागच्या आरशात पाहिले की मान खाली घातलेली मार्गारेटा. आरसा पाहून बाहेर पडलेला प्रवासी ब्राँझच्या दालनातून झपझप निघून जातो. त्याला दोष देता येणार नाही. हर्क्युलिस कोण, सेंटॉर कशाला चिडला, हे त्याच्या आजीने सांगितलेले नसते. कथा ठाऊक नसली की मूर्तीतला क्षण मुका होतो.

ज्या कथा ठाऊक आहेत त्यांचे काय झाले? त्यासाठी जिल्ह्याकडे परत यावे लागते, आणि धातू बाजूला ठेवून थोडा वेळ दगडाकडे.

जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे गाव चालुक्य-यादव काळातल्या मंदिरांनी भरलेले. गावकरी तीनशे साठ देवळे आणि तितक्याच बारवा होत्या असे सांगतात. आकडा ऐकणाऱ्याने हवा तसा घ्यावा, पण उंच कोरीव स्तंभ, गोकुळेश्वराचे मंदिर, बारव आणि शेताबांधावरचे कोरीव दगड आजही दिसतात. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्यांगावरच्या सुरसुंदरी पाहायला अभ्यासक वाट वाकडी करून जातात. औंढा नागनाथ १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होते. लोक या सगळ्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या आधीच्या देवळांनाही त्याचेच नाव चिकटले आहे.

या मंदिरांवर कथा आहेत, पण कथेबाहेरच्या मूर्तीही तितक्याच आहेत, आणि याकडे पाहणाऱ्याचे लक्ष क्वचित जाते. विष्णूच्या चोवीस मूर्ती घ्या. चार हात, शंख, चक्र, गदा, पद्म. कुठल्या हातात काय, एवढ्यावरून नाव बदलते. खालच्या उजव्या हातात पद्म आणि मग प्रदक्षिणेने शंख, चक्र, गदा असा क्रम असला की तो केशव. क्रम फिरला की माधव, नारायण, त्रिविक्रम. इथे कुठलीही घटना घडत नाही. क्षणच नाही. मराठवाड्यातल्या अशा मूर्ती ओळखायला मराठी वाचकांना शिकवले ते डॉ. गो. बं. देगलूरकरांनी. त्यांचे पुस्तक हाती धरून देवळाभोवती फिरणाऱ्याला मूर्ती 'वाचता' येते. फ्रेंच ब्राँझपुढे उभा राहिलेला माणूस 'आता काय होणार?' असे विचारतो. केशवापुढे उभा राहिलेला 'हा कोण?' असे विचारतो. या दोन प्रश्नांत सगळा फरक येऊन जातो.

म्हणून आपल्याकडे थरार नव्हताच असे कुणी म्हणू लागले, तर त्याला वेरूळला न्यावे. पंधराव्या क्रमांकाच्या दशावतार लेण्यात नृसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर आहेत. पोट फाडलेले नाही, दैत्य मांडीवर नाही. दोघे उभे आहेत. सिंहाचा पंजा दैत्याच्या अंगावर पडला आहे आणि दोन्ही देहांना असा बाक आहे की झुंज आहे की नाच, हे क्षणभर कळत नाही. शेजारच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो, पार्वती घाबरून शंकराला बिलगते, दासी पळत सुटते आणि शंकर निवांत बसून आहे. त्याने पायाचा अंगठा दाबला की खेळ संपणार. बारीच्या हजारेक वर्षे आधी राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी कळसाच्या अलीकडचा क्षण पकडला होता, लेसिंग न वाचता. मग तोच नृसिंह घराघरांत, देवळांत पूजेला आला तेव्हा बहुधा लक्ष्मीला मांडीवर घेऊन किंवा योगासनात शांत बसून का आला? परभणीजवळच्या पोखर्णीचा नृसिंह कितीतरी घरांचे कुलदैवत आहे. कुलदैवताकडे माणूस सोयरिकीचा कौल लावायला, नवस फेडायला, बाळाला पायावर घालायला जातो. त्याला रागाने लाल झालेला देव परवडत नाही. लेणे राजाने खोदवले, त्याला पराक्रम दाखवायचा होता. देव्हाऱ्यातला देव घराला हवा आहे, त्याने आपली लढाई बाहेरच उरकून आत यावे.

औंढ्याच्या भिंतीवर शंकर पार्वतीचा रुसवा काढतो आहे असे एक शिल्प दाखवतात. वध नाही, वर नाही, शाप नाही. नवरा-बायकोची कुरबूर. पॅरिसच्या दिवाणखान्यात हे ब्राँझमध्ये ठेवले असते तर त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या असत्या.

मग एवढ्या शिल्पसंपन्न मुलखात धातूच्या मोठ्या पुराणमूर्ती का नाहीत? कौशल्य नव्हते म्हणून खचित नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतण्याची कृती पायरीपायरीने दिली आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला पाठीशी-खांद्याशी नळ्या जोडायच्या, जळक्या तुसाची पूड, कापसाचे बारीक तुकडे आणि मीठ घालून वाटलेल्या मातीचा लेप द्यायचा, सावलीत वाळवायचे, पुन्हा लेप. मेण आधी तोलून ठेवायचे, कारण त्यावरून धातू किती लागेल ते ठरते: चांदी मेणाच्या बारा पट, सोने सोळा पट. मग मेण वितळवून काढायचे आणि मुशीतला रस धार न तोडता सोडायचा. हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा हा मुलूख चालुक्यांच्याच छायेत होता. पण मुख्य देव अचल हवा, म्हणजे दगडाचा. धातूची मूर्ती पालखीतून मिरवायची किंवा घरात पुजायची. त्यामुळे ती लहान राहिली. आणि धातूला एक शाप आहे, तो वितळतो. पडझड झालेल्या देवळाचा दगड बांधाला तरी लागतो. धातू मुशीत जातो.

जे वाचले ते बहुधा जमिनीत गाडले गेले म्हणून. गोदावरीच्याच खोऱ्यात, अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले चार ओतीव नग (रथ, हत्ती, गेंडा, रेडा) मिळून साठ किलोंहून अधिक भरले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा तर थेट रोमन जगातली एक इटुकली ब्राँझ मूर्ती निघाली: समुद्रदेव पोसायडन. भूमध्य समुद्राकाठचा देव सातवाहन काळातल्या पंचगंगेकाठी काय करत होता? व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला, एवढेच म्हणता येते. ज्याने तो घरात ठेवला त्याला त्याची कथा ठाऊक होती का? बहुधा नसावी. हैदराबादच्या दालनातून झपझप निघून जाणाऱ्या प्रवाशाचा तो पूर्वज म्हणायचा. फरक इतकाच की त्याने मूर्ती जपली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईने युरोपचे पुराण उघड्या रस्त्यावर आणले. १८६४ च्या कारंज्यावर रोमन देवता फ्लोरा उभी राहिली, पोर्टलंडच्या दगडात. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टर प्रतींवरून मुले हात बसवू लागली. या शाळेतला विशीतला विद्यार्थी गणपतराव म्हात्रे याने १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली: नऊवारी नेसून, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. नाव पौराणिक नाही, पण घडण पाहिली की ग्रीक देवीचा तोल आणि मराठी लुगड्याचा घोळ एकमेकांत मुरलेले दिसतात. फालगिएरची डायना बाई झाली म्हणून ओरड झाली होती. म्हात्र्यांची बाई देवीच्या चालीने चालली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. पुढे त्यांनी सरस्वती केली, शबरीच्या वेषातली पार्वती केली. पण ती वाट तिथेच अरुंद झाली. संस्थानिक, गव्हर्नर, शेठ यांना स्वतःचे पुतळे हवे होते आणि पोट त्या कामावर भरत होते. शिवाय ब्राँझ ओतायची मोठी सोय इथे नसल्यात जमा होती. विनायकराव करमरकरांचा पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८ मध्ये माझगाव डॉकमध्ये ओतला गेला तेव्हा त्याचे अप्रूप वाटले ते यासाठीच. बारबेदिएनसारखा कारखाना, कोलासारखे यंत्र, घड्याळाशेजारी देवता ठेवणारा दिवाणखाना, यातले मुंबईत काहीही जुळून आले नाही.

जुळले ते दुसरेच. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रान्समध्ये जे काम ब्राँझने केले ते महाराष्ट्रात रंगीत छापील तसबिरीने केले. एक मूळ, हजारो प्रती, ऐपतीप्रमाणे आकार. त्या छापखान्याचे पहिले चित्र म्हणून 'शकुंतलाजन्म' सांगतात. मेनका तान्ह्या मुलीला पुढे करते आहे आणि विश्वामित्राने हात आडवा धरून तोंड फिरवले आहे. क्षणाची निवड फ्रेंच मूर्तिकाराला शोभेल अशी. पण याच छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत गेल्या, तेव्हा त्या टाकासारख्याच समोर पाहत, काहीही न करता उभ्या-बसलेल्या होत्या. तसबिरीला उदबत्ती लावायची की नुसते पाहायचे, यावरून तिच्यातला क्षण ठरला.

आज परभणीच्या बाजारात भेटवस्तूंच्या दुकानात शिरले की काचेमागे बारीच्या वंशजांची रांग दिसते. पितळी किंवा राळेचा, सोनेरी मुलामा दिलेला, चार घोड्यांचा रथ. पुढे कृष्ण, मागे हात जोडलेला अर्जुन. गीतोपदेश. निवृत्तीच्या निरोप समारंभाला, नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला, जावयाच्या घरभरणीला हा रथ हमखास येतो. सहा इंचांपासून दोन फुटांपर्यंत, जशी वर्गणी तसा रथ. तो देव्हाऱ्यात जात नाही, टीव्हीखालच्या कपाटात जातो. त्याला कुणी चिंचेने घासत नाही, फार तर फडक्याने पुसतात. आणि त्यातला क्षण? युद्ध सुरू होण्याआधीचा. घोडे थबकलेले, शंख वाजून गेलेले, पहिला बाण सुटायचा आहे. दिवाणखान्यात आल्याबरोबर मराठी घरानेही वाराआधीचा क्षण उचलला, हे लक्षात आल्यावर त्या सोनेरी रथाकडे नाक मुरडणे जरा अवघड होते.

त्याच दुकानात, खालच्या कप्प्यात, जनाबाईची मूर्ती असते. गंगाखेड हे तिचे गाव, म्हणून या जिल्ह्यात तिला मागणी. जात्याच्या एका बाजूला जनी, दुसऱ्या बाजूला विठ्ठल, दोघांचे हात एकाच खुंट्यावर. यात ना आधीचा क्षण, ना नंतरचा. दळण चालू आहे.

फ्रेंच मूर्तिकार रोदँ याला उतारवयात मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची छायाचित्रे पाहायला मिळाली. आयुष्यभर धातूत देह पिळवटण्यात गेलेल्या या माणसाने त्या छायाचित्रांवर भारावून मजकूर लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर तो १९२१ मध्ये पॅरिसच्या 'आर्स आझियातिका' ग्रंथमालेत छापला गेला. नटराजाच्या पायाखालीही एक बुटका दैत्य आहे, तोही आडवा पडलेला. पण वर नाच थांबलेला नाही. उजवा पाय रोवलेला, डावा हवेत. वार झाल्यानंतरची मूर्ती इतकी चालती असू शकते, हे बारी आणि मेर्सिए या दोघांच्याही हिशेबात नव्हते.

पॅरिसमध्ये सेन नदीच्या बेटाच्या टोकाला १८९४ मध्ये बारीचे स्मारक उभारले होते. माथ्यावर थीसियस आणि सेंटॉर, मोठ्या आकारात. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, सरकारने ऑक्टोबर १९४१ मध्ये धातूचे पुतळे वितळवण्याचा हुकूम काढला. गावोगावचे पुतळे चबुतऱ्यांवरून उतरले, आणि उगारलेल्या गदेसकट थीसियसही भट्टीत गेला. जवळपास अर्धशतक खाली न आलेली गदा अशी खाली आली.

इकडे टाक झिजला, भंगला, तर काही घरे तो गोदावरीत सोडतात आणि काही घरे सोनाराकडे नेतात. सोनार तो तोलतो, घट सांगतो, वरची चांदी किती घालायची ते विचारतो. मग मुशीत टाकतो. घोडा, म्हाळसा, कुत्रा, दैत्य, सगळे मिनिटभरात चकाकत्या थेंबाएवढे होते. थंड झाल्यावर पुन्हा पत्रा, पत्रा ठशावर, वरून शिसे आणि त्यावर हातोडा. ठसा त्याच्या आजोबाच्या वेळचा आहे. पत्रा उलटला की घोड्याच्या पोटाखाली दैत्याचा चेहरा असतो, मिशांसकट, उघड्या डोळ्यांचा. घरातल्यांनी तो इतका स्पष्ट कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून दसऱ्याला परातीत घेतल्यावर सून आधी त्याच्याकडे बघते, मग देवाकडे, आणि कोळात अंगठा बुडवते.